पहाटेचं पाणी

३ मार्च

बारके,

आक्काचा आशीर्वाद. घ्यायचा नसेल तर पाकिटातच राहू दे, पण पत्र वाच.

आधी सगळ्यांची विचारपूस करते, मग माझं पुराण. तुझी कंबर कशी आहे? छकुलीच्या वेळी धरली ती पुढे कधी नीट सुटलीच नाही, आणि तुला जड उचलायची खोड. मेहुण्यांचा रक्तदाब आटोक्यात आहे का? लेथवर उभं राहून राहून त्यांच्या पायाच्या शिरा फुगायच्या, त्यावर काही इलाज केलात का? तुझ्या सासूबाई आहेत ना अजून? असल्या तर कानाचं मशीन लावतात, की अजून उशीखालीच जपून ठेवतात? आणि छकुली. सोळा वर्षांची घोडी झाली असेल. छकुली म्हटलेलं तिला चालतं का? घसा अजून धरतो का तिचा?

माझं म्हणशील तर गुडघे कुरकुरतात. पण जुन्या नोकरासारखे आहेत, कुरकुरत का होईना काम करतात. डोळ्याचं एक ऑपरेशन झालं, दुसरं मी टाळतेय.

पत्ता मेहुण्यांच्या जुन्या कारखान्यातल्या फोरमनकडून मिळवला. त्यांच्यावर रागावू नकोस, मी तीन फेऱ्या मारून त्यांना पिडलं.

हॅचरीत सगळं तुझ्या वेळेसारखंच आहे. त्याच सहा निळ्या टाक्या, तोच पंपाचा घुरघुराट, कालवांच्या पिल्लांच्या खाण्यासाठी वाढवलेल्या शेवाळाच्या त्याच हिरव्या बाटल्या भिंतीला ओळीनं. गमबूट नवे मिळाले, एक नंबर मोठे. पंपवाला म्हणतो, आक्का, तुम्ही बदकासारख्या चालता. मी म्हटलं, बदक निदान अंडी तरी घालतं, तू काय करतोस? तो हसला. त्याचं हसू म्हणजे निम्मा खोकलाच.

एक गोष्ट मात्र बरी नाही. जानेवारीपासून कालवांच्या पिल्लांच्या तीन खेपा गेल्या. अंड्यातून निघतात, दिवसभर गरगर फिरतात आणि दुसऱ्या दिवशी तळाला. टाकीच्या तळाशी नुसती भुकटी. बाहेर खाडीत तर चार वर्षं झाली, खडकावर एकही कोवळं कालव बसलेलं मी पाहिलं नाही. कालवं वाढवणारी सगळी घरं आमच्या टाक्यांकडे डोळे लावून बसलीत. मालकांनी प्रयोगशाळेतून एका बाईंना बोलावलंय. मी मनातल्या मनात नाक मुरडलं. सातवी शिकलेली मी, पण पिल्लांचं पुस्तक मी पाण्यातच वाचलंय. त्या काय नवीन सांगणार?

जुनं उकरून काढायला हे पत्र नाही. झालं ते झालं. खोली फार शांत असते एवढंच. पंप बंद झाला की मला माझाच श्वास ऐकू येतो, आणि मग उगाच कपाटातली भांडी पुन्हा लावत बसते.

आक्का


१९ मार्च

बारके,

तुझं उत्तर आलं नाही. टपाल हल्ली फार रेंगाळतं, असं पंपवाला म्हणतो. त्याला कुणाचं पत्र येत नाही, तरी त्याला ते ठाऊक.

त्या बाई आल्या. आम्ही त्यांना पाणीवाल्या बाई म्हणतो. काडीसारख्या बारीक, कानापर्यंत केस, चहा बिनसाखरेचा. पहिल्याच दिवशी मला आक्का म्हणाल्या, म्हणून मी थोडी पाघळले.

"आक्का, टाक्या कधी भरता?"

"पहाटे पाचला. तीस वर्षं झाली, माझा एक दिवस चुकला नाही."

"पहाटेच का?"

"का म्हणजे? तेव्हा पाणी निवळशंख असतं. गाळ खाली बसलेला, वारा पडलेला. तळातला खेकडा नांगी हलवतो ते वरून दिसतं. नवीन जन्मलेल्या जिवाला चांगलं पाणी नको?"

त्या तीन दिवस दर दोन तासांनी एक यंत्र पाण्यात बुडवत राहिल्या. चौथ्या दिवशी मला स्टुलावर बसवलं. "आक्का, तुमचं पाणी आंबट होत चाललंय."

मी बोट बुडवून चाटलं. "खारट आहे की, नेहमीसारखं."

"जिभेला कळेल इतकं नाही. पण पिल्लांना कळतं."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी तुला माझ्या भाषेत सांगते. जगभरच्या गाड्या, भट्ट्या, वीजघरं जो धूर सोडतात, त्यातला एक वायू हवेत साठतो. त्यातला पाव हिस्सा समुद्र पितो. वर्षानुवर्षं बिचारा मुकाट्यानं पीत आला, आता त्याच्या पोटात ढवळतंय. पाणी आंबटलं की त्यातला चुना कालवांना मिळत नाही. पिल्लाला पहिल्या दोन दिवसांत शिंपला करावा लागतो, अंड्यातून आणलेल्या तेवढ्याशा शिदोरीवर. आंबट पाण्यात तो करणं म्हणजे आपण विणत जावं आणि दुसऱ्या टोकानं कुणी उसवत जावं. शिदोरी संपते, शिंपला होत नाही. पिल्लं आजारानं मरत नाहीत गं. दमून मरतात.

त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. चांगलं पिल्लू अर्ध्या बिस्किटासारखं असतं, एक बाजू सरळ, एक गोल. ही कडेनं कुरतडलेली होती. एक अजून हलत होतं. जागच्या जागी थरथरत होतं, पुढे सरकत नव्हतं.

आणि पहाटेचं म्हणशील तर ऐक. पाण्यातलं गवत दिवसा उन्हात तो वायू ओढून घेतं. अंधार पडला की मात्र सगळेच नुसता श्वास सोडतात, गवत, मासे, किडे, चिखलसुद्धा. दारं लावून दहा माणसं एका खोलीत झोपली तर उठल्यावर हवा कशी कोंडलेली असते? तसं पहाटेचं पाणी. दिसायला सगळ्यात निवळ, आणि सगळ्यात आंबट. मागे समुद्रात पिल्लांना सोसण्याइतकी जागा होती म्हणून चालून गेलं. आता ती जागा उरली नाही.

तीस वर्षं मी मोठ्या कौतुकानं दिवसातलं सगळ्यात वाईट पाणी त्यांच्यासाठी निवडलं. अंथरुणातून उठून, थंडीत, हात चोळत.

आक्का


२ एप्रिल

बारके,

आज घाईनं लिहिते, कारण बातमी चांगली आहे. आम्ही दुपारी दोनला टाक्या भरल्या, वर मोजून सोडा घातला. धुण्याच्या सोड्याचाच भाऊ, फक्त शुद्ध. पिल्लं जगली. आज सहावा दिवस. पंपवाल्यानं टाकीत डोकावून विचारलं, "एवढी जागी आहेत ती?" मी म्हटलं, तू कधी जागा असतोस, तुला काय कळणार.

आणि मला तू आठवलीस. छकुलीनं जागवलं की तू उशिरा यायचीस आणि म्हणायचीस, आक्का, मी दुपारी भरलेल्या टाकीतली पिल्लं जास्त खातात गं, बघ ना. मी म्हणायचे, हे तुझं झोपेचं शास्त्र. सगळ्यांसमोर म्हणायचे, सगळे हसायचे. तूही हसायचीस. तुझं शास्त्र खरं होतं, हे मी आज लिहून देते.

त्यातून मुख्य गोष्ट. अकरा वर्षांपूर्वी त्या सहा टाक्या गेल्या, त्या पाणी गाळायची कापडी गाळणी न धुतल्यामुळे गेल्या असं सगळे धरून चालले होते. मी बाईंना त्या पिल्लांचं वर्णन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, घाणीनं मेलेलं पिल्लू वेगळं दिसतं, ही पाण्यानंच गेली असणार. म्हणजे गाळणीचा दोष नव्हताच. तुझ्यावरचा ठपका पुसला गेला बघ. माझा जीव भांड्यात पडला. मालकांच्याही कानावर घालेन सवडीनं.

आता तरी लिहिशील ना?

आक्का


१७ एप्रिल

बारके,

मागचं पत्र फाडून टाक. ते वाचताना तुझ्या चेहऱ्यावर काय उमटलं असेल ते गेले पंधरा दिवस मला दिसतंय. तुझ्यावरचा ठपका म्हणे पुसला गेला. जिनं लावला तीच सांगतेय.

झालं असं. बाईंनी जुन्या नोंदवह्या मागितल्या. पाणी कधीपासून बिघडायला लागलं ते त्यांना लिहायचंय, आणि या किनाऱ्यावर तीस वर्षांच्या नोंदी आमच्याशिवाय कुणाकडे नाहीत. मी मोठ्या ऐटीत वह्या काढून दिल्या. त्या पानं उलटत होत्या, मी शेजारी बसून माझ्याच अक्षराचं कौतुक करत होते. मग ते पान आलं. पंधरा ऑक्टोबर. "सहाही टाक्या गेल्या. गाळणी धुतली नाही. काम: बारकी."

त्यांनी पेन्सिलीनं त्या पानावर फुली मारली. म्हणाल्या, "ही खेप सोडून देऊ. इथे माणसाची चूक आहे. दोन कारणं मिसळली की पुरावा राहत नाही. वाईट वाटतं आक्का, ही धरता आली असती तर पाणी अकरा वर्षांपूर्वीच फिरलं होतं हे दाखवता आलं असतं."

"मग त्या दिवशी म्हणालात ना, पाण्यानं गेली म्हणून?"

"मला वाटतं पाण्यानंच. पण तुमच्या वहीत दुसरं लिहिलंय. मी वहीला खोटं कसं म्हणू?"

मी उठले आणि चहा टाकला, आधी झालेला तसाच असताना.

हे तुला सांगायची गरज नाही, तुला माझ्याआधीपासून माहीत आहे. पण मी ते कधी उच्चारलं नाही, म्हणून लिहिते. तेरा तारखेला संध्याकाळी छकुलीला ताप होता. तू गाळणी सोडवत होतीस. मी म्हटलं, "सोड ती, मी धुते. पोरीकडे जा." तू दोनदा विचारलंस, नक्की ना आक्का? मी म्हटलं, जा गं, एवढं काय, फडकं तर धुवायचंय. तू गेलीस. मग मालकांचा कसला तरी फोन आला, मग मी बाटल्यांना लागले आणि गाळणी बादलीत तशीच राहिली. पहाटे मी तीच लावली. टाक्या मीच भरल्या.

दुसऱ्या दिवशी सगळं तळाला गेलं आणि मालक दारात उभे राहिले. "गाळणी कुणाकडे होती?" माझं तोंड उघडलं आणि तुझं नाव बाहेर आलं. खोली हॅचरीची होती, नोकरी गेली की डोक्यावरचं छप्पर जाणार होतं. मला मागे पुढे कुणी नव्हतं, तुला मेहुणे होते. हे कारण मी इतकी वर्षं घोळवलं की ते खरंच कारणासारखं दिसायला लागलं.

तू नाही म्हणाली नाहीस. मालक तोंडाला येईल ते बोलत होते आणि तू माझ्याकडेच बघत होतीस, मी काही बोलते का म्हणून. मग गमबूट काढलेस, भिंतीला नीट टेकवून ठेवलेस आणि अनवाणीच गेलीस. चपला घ्यायला मेहुणे आले नंतर.

वहीतली ती ओळ मी त्या संध्याकाळी लिहिली. मुद्दाम सांगते. मालकांसमोर घाबरून निसटलं असं मी स्वतःला समजावत आले, पण वही कुणी मागितली नव्हती. शांतपणे बसून, शाई भरून लिहिली.

अकरा वर्षं मला वाटत होतं की मी दोन गुन्हे केले. एक गाळणीचा, एक तुझा. पाणीवाल्या बाईंनी पहिला काढून घेतला, म्हणून मला हलकं वाटलं आणि ते तसलं पत्र लिहून बसले. आता एकच राहिला आहे, आणि तो आधीच्या दोन्हींपेक्षा जड आहे. कोट्यवधी पिल्लं मेली त्याला मी जबाबदार नाही. एक बहीण गेली, तिला आहे.

सोमवारी मी मालकांना सांगणार आहे. तुला आधी सांगितलं, क्रम तोच असायला हवा होता.

आक्का


५ मे

बारके,

सांगितलं.

मालक आता थकलेत, ऐकताना मान एका बाजूला करतात. मी उभ्यानंच सांगितलं. ते टेबलावरची टाचणी फिरवत राहिले.

"मी तिला त्या दिवशी काय काय बोललो ते आठवतं तुम्हाला?"

"आठवतं."

"मलाही आठवतं," म्हणाले. मग म्हणाले, "बाहेर सगळ्यांना सांगा. मला एकट्याला सांगून कसं भागेल? ती सगळ्यांसमोर गेली होती."

मी चहाच्या सुट्टीत सांगितलं. नवीन लोक तुला ओळखतही नाहीत, त्यांनी कपात बघत ऐकून घेतलं. मालकांनी मला कामावरून काढलं नाही. काढलं असतं तर एका परीनं सोपं गेलं असतं. बाईंसमोर त्या पानाखाली मी लाल शाईनं लिहिलं: वरची नोंद खोटी आहे, गाळणी मी धुतली नव्हती, टाक्या मी पहाटे पाचला भरल्या, बारकीचा संबंध नाही. खाली सही, तारीख. बाईंनी फुली खोडली नाही. म्हणाल्या, "गाळणी घाण होती हे राहतंच ना आक्का. या एका खेपेवर मला काही उभं करता येणार नाही."

म्हणजे मी खरं बोलून त्यांचा फायदा झाला नाही. मला वाटलं होतं होईल. खरं बोललं की लगेच काहीतरी चांगलं होतं असं कुठेतरी डोक्यात होतं.

पंपवाला दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी नेहमीसारखा संध्याकाळी चहाला आला, दारात उभा राहिला, आत येईना. मी म्हटलं, ये की, की आता माझा चहाही कडू लागणार? तो म्हणाला, "तुमचा चहा मला पहिल्यापासून आवडत नाही. पाणचट असतो. बारकी जाताना म्हणाली होती, आक्काला संध्याकाळी एकटं बसू देऊ नका. म्हणून येतो."

अकरा वर्षं, बारके. रोज. आणि मला वाटायचं, या माणसाला घरी कुणी विचारत नाही, बिचारा.

मी पुन्हा ये म्हटलं नाही. तोच आत येऊन बसला.

आता बाईंचं काम सांगते, कारण ते फक्त तुझ्याकडून होण्यासारखं आहे. त्या वर्षीच्या आणि आधीच्या वर्षीच्या वहीत काही खेपा अशा आहेत की बाकीच्या रोडावलेल्या असताना त्या टरारून वाढल्यात. वेळेच्या रकान्यात सगळीकडे पहाट लिहिलंय. बाई चक्रावल्या. पण त्यातल्या कितीतरी ओळी तुझ्या अक्षरात आहेत, आणि मला कळलं. तू उशिरा येऊन दुपारी भरायचीस आणि वहीत दुपार दिसली की मी ओरडायचे म्हणून पहाट लिहायचीस. माझ्या धाकानं तूही वहीत खोटं लिहिलंस, तेवढंच एक. बाई म्हणतात, नेमक्या कुठल्या टाक्या दुपारच्या ते कळलं, तर एकाच आठवड्यातल्या पहाटेच्या आणि दुपारच्या टाक्या शेजारी शेजारी ठेवून बघता येतील. मग अकरा वर्षांपूर्वीचं पाणी काय होतं ते त्या एका पानाशिवाय सिद्ध होईल. तुला तारखा आठवत असतील का? छकुलीच्या आजारपणाचे दिवस, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, काही राहिलं असेल तर. दोन-चार तारखासुद्धा पुरतील. त्यांच्या लेखात तुझं नाव पहिलं लागेल, पाणी तू आधी ओळखलंस म्हणून. मी तसं त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.

टाक्यांतली पिल्लं आता बरी आहेत. सोडा घालतो, वेळ सांभाळतो, निभावतंय. पण परवा मी खाडीच्या कडेनं खडकांपर्यंत गेले होते. तू आणि मी परकर खोचून तिथे शिंपले मोजायचो, आठवतं? आता खडक गुळगुळीत आहेत, हात फिरवला तर कुठे खरचटत नाही. बाई म्हणाल्या, टाकीत सोडा घालता येतो आक्का, समुद्रात नाही. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. बोलायला कुणी असतं तर बोलले असते.

बाई जूनअखेर परत जातात. त्यांचा पत्ता वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवलाय. मला लिहायचं नसेल तर नको लिहूस, माझा राग ठेव, तो तुझा हक्काचा आहे. पण त्यांना तारखा कळव. तुझ्या हातचं अक्षर त्यांच्याकडे आलं तर त्या मला दाखवतील, एवढं मी त्यांना सांगून ठेवलंय, आणि मला तेवढंही चालेल.

कंबर सांभाळ. लवकर लिही.

तुझी
आक्का